पाच मांजरे
घरात उंदीर झाले की आई शेजारून मांजर आणी. त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. म्हणूनच मॅरियन बेटाची हकिगत वाचून मला तिथल्या माणसांचा राग येईना.

आफ्रिकेच्या दक्षिणेला, थंडगार समुद्रात हे बेट आहे. सील मारणाऱ्यांच्या गलबतांतून तिथे उंदीर उतरले. त्यांच्या बंदोबस्तासाठी १९४९ मध्ये हवामानकेंद्रावर पाच मांजरे आली. १९७७ पर्यंत ती ३,४०० च्या घरात गेली. वर्षाला साडेचार लाख समुद्रपक्षी ती मारीत असावीत, असा अंदाज होता. १९९१ मध्ये शेवटचे मांजर पकडले गेले.

उंदीर मात्र उरले. आता ते रात्री घरट्यावरच्या अल्बट्रॉसला जिवंतपणी कुरतडतात. हा थोरला पक्षी दोन वर्षांतून एकच अंडे घालतो. जमिनीवरचा शत्रू त्याच्या पूर्वजांना ठाऊकच नव्हता. तो उठत नाही, पिलावर बसून राहतो. त्या उंदरांसाठी हेलिकॉप्टरांतून विष टाकण्याची तयारी चालू आहे. माणसाने केलेले माणसालाच निस्तरायचे आहे.

आमच्याकडे अजून मांजर आहे. काल त्याने एक चिमणी आणून माझ्या पायाशी ठेवली. मला त्याच्यावर ओरडवेना.