प्रवरेचा रंग कोणता?

मुलांनो, चित्रात नदी रंगवायची म्हटलं, की तुम्ही पेटीतला कोणता खडू उचलता? निळाच ना? आमच्या वर्गातही सगळ्या वह्यांत नद्या निळ्याच असतात!

मग एकदा आमच्या संगमनेरला या. म्हाळुंगी नदी जिथे प्रवरेला मिळते, तिथे काठावर उभे राहून बघा. पावसाळ्यात सह्याद्रीतली माती घेऊन येणारी प्रवरा चहासारखी दिसते. सूर्य मावळताना पाण्यावर केशरी पट्टे हलतात. आणि झाडांच्या सावल्या? नीट पाहा हं, त्या नुसत्या काळ्या नसतात. कुठे जांभळट, कुठे गडद हिरव्या.

असंच नीट पाहणारे दोन चित्रकार होते, आंरी मातीस आणि आंद्रे दरँ. १९०५ च्या उन्हाळ्यात ते फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राकाठच्या कोलिऊर या कोळ्यांच्या गावी राहिले. तिथल्या लख्ख उन्हात त्यांचे रंग एकदम धीट झाले. मातीसच्या ‘उघडी खिडकी’ या चित्रात खिडकीबाहेर होड्या डुलताहेत आणि पाणी चक्क गुलाबी आहे! खिडकीच्या एका बाजूची भिंत हिरवट निळी, तर दुसरी गुलाबी. होडी म्हणजे ब्रशचे चार-दोन फटकारे. जवळून पाहिलं तर नुसते पट्टे, लांबून पाहिलं की होड्या!

त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ही चित्रं पाहून पुष्कळ लोक हसले, चिडले. एका समीक्षकानं तर या चित्रकारांना ‘रानटी जनावरं’ म्हटलं. पण मातीसचं तेच चित्र आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनानं मानानं जपलं आहे.

आपल्याकडेही १९४७ साली मुंबईत सहा तरुणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ काढला. त्यांनाही ठरीव पद्धतीची चित्रं नको होती. पंढरपुरात जन्मलेले हुसेन आणि गोव्याचे सूझा त्यातलेच.

संगमनेरला समुद्र नाही, पण प्रवरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागराला. तुमच्या गावातही ओढा, तळं काहीतरी असेलच. येत्या रविवारी मोठ्यांना सोबत घेऊन तिथे जा. खडू उचलण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाहा.

आणि पालकहो, मुलानं गुलाबी नदी काढली, तर लगेच ‘चुकलं’ म्हणू नका. ‘हा रंग तुला कुठे दिसला रे?’ एवढंच विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असेल!