कोश हरवला, खापरं राहिली

कौंडण्यपूरला वर्धेकाठच्या पांढरीत खापर पायाला लागतंच. मोरेश्वर दीक्षितांनी इथे उत्खनन केलं, तरी लोकांना ठाऊक रुक्मिणीचं माहेरच!

ज्यूंचा कराराचा कोश बाबिलोनने इ.स.पू. 586 च्या सुमारास जेरुसलेमचं मंदिर जाळल्यानंतर कुणी पाहिला नाही. इथिओपियातलं अक्सुम म्हणतं, आमच्याकडे आहे. पण दाखवत नाही. न दिसणाऱ्या वस्तूचं पावित्र्य वाढतच जातं. आपलं उलट आहे, बंधूंनो. सोपाऱ्याच्या स्तूपात 1882 साली भगवानलाल इंद्रजींना सोन्याच्या डबीत 13 खापरं मिळाली. बुद्धाच्या भिक्षापात्राची मानलेली, साध्या मातीची. ती एशियाटिक सोसायटीकडे गेली.

हे मायला सांगितलं. पांढरीतलं खापर हातात फिरवत ती म्हणाली, "आपल्या लोकायच्या गळ्यात गाडगं बांधलं होतं, त्याचं खापर कोन्त्या डबीत ठेवलं बापा?"