गाडीला झरोका

आमच्या वऱ्हाडातल्या जुन्या घरांना खिडक्या थोड्या, पण चुलीच्या वर, भिंतीच्या माथ्याशी वीतभर झरोका हमखास असायचा. दारातून हवा आत यायची आणि धूर घेऊन त्या झरोक्यातून निघून जायची. एका वर्षी माझ्या वडिलांनी तो झरोका पोत्याने बंद केला, कारण त्यातून चिमण्या येत आणि गवताच्या काड्या भाकरीच्या टोपल्यात पाडत. चौथ्या दिवशी मायचे डोळे सुजले. पोते निघाले, चिमण्या परत आल्या.

पुढे मी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून बी. एस्सी. झालो आणि तीसेक वर्षे गावोगाव हेच सांगत फिरलो. कांदाचाळीला खालून हवा द्या, गोठ्याचा माथा बंद करू नका, बियाण्याच्या पोत्यांखाली फळ्या टाका. कापसाचा ढीग राहत्या खोलीत लावून दार लावून घेऊ नका, अंगाला खाज सुटते. हे सारे सांगायला मी ज्या गाडीत बसून जात असे, तीही चार भिंतींची एक खोलीच आहे, हे मात्र माझ्या ध्यानात कधी आले नाही.

गाडी बाबांची. १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. १९९२ साली बाबांनी ती जुनीच घेतली. इंजिन १०८९ सी. सी.चे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. बाबा गेले, पण गाडी विकावी असे कोणाच्या तोंडून निघाले नाही. दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि नोंदणी वाढवून आणायची. धाकटा भाऊ म्हणतो, एवढ्या पैशात दुभती म्हैस आली असती. त्याचे खोटे नाही.

२०१८ च्या नवरात्रातली गोष्ट. मायला अमरावतीच्या अंबादेवीची ओटी भरायची होती. धाकटी बहीण बडनेऱ्याजवळ दिलेली आहे. जावईबुवांच्या कपाशीवर मावा-तुडतुडे आले होते. माझ्याकडे घरच्या फवारणीतले अर्धी बाटली औषध उरले होते. ते घेऊन येतो, असे मी त्यांना फोनवर सांगून बसलो. बाटली गोणपाटात गुंडाळली आणि मागच्या बैठकीखाली, मायच्या पायांशी ठेवली. झाकण आडवे बसले होते, ते मी पाहिले नाही.

आता तुम्ही म्हणाल, कृषी अधिकारी आणि असे? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर वर्षभर मी सभांमधून घसा कोरडा केला होता. घरात औषध ठेवू नका, उरलेले औषध माणसांजवळ ठेवू नका. आणि मीच ते मायच्या पायांशी ठेवले. पावणेदोन तासांचा तर रस्ता, त्याला काय होते, असे वाटले. हातून चूक घडते तेव्हा असेच वाटत असते.

त्या वेळी अकोला-अमरावती रस्त्याची दशा ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. पावसाने आधीच दडी मारली होती. पुढे मालमोटार गेली की पांढरा धुराळा पाच मिनिटे खाली बसत नसे. मायला दमा नाही, पण धुळीने खोकला येतो. म्हणून चारही काचा वर केल्या. पुढच्या दारांच्या तिकोनी काचाही लावून घेतल्या. बाहेर ऑक्टोबरचे ऊन. आत थोडा उग्र वास होता, पण जुन्या गाडीत पेट्रोलचा वास असतोच. नाकाला त्याची इतकी सवय झालेली असते की ते सांगायचे सोडून देते.

मूर्तिजापूरच्या अलीकडे माय म्हणाली, "मले कसंतरीच होऊन राह्यलं रे बाबू. गाडी थांबव." मला वाटले, उपास आणि ऊन. तेवढ्यात तिला उलटी झाली. तोंडाला लाळ, अंग घामाने थबथबलेले. दार उघडून तिला उतरवताना माझा हात गोणपाटाला लागला. ते ओले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तिच्या डोळ्यांत टॉर्च धरली आणि बुबुळे पाहून मला विचारले, "काय फवारलं?" मी बाटली पुढे केली. तेवढे एक शहाणपण सुचले होते, बाटली लेबलासकट बरोबर नेली. तिचे लुगडे बदलले, हातपाय साबणाने धुतले, सलाईन आणि इंजेक्शने झाली. संध्याकाळपर्यंत तिला देखरेखीखाली ठेवले. सुदैवाने थोडक्यात निभावले. ओटी त्या वर्षी राहिली. परत येताना मी चारही काचा खाली ठेवल्या. मायने पदर नाकाला लावला आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

औषध गाडीत नेणे त्या दिवसापासून बंद झाले. नेण्याची वेळ आलीच तर टपावरच्या कॅरिअरवर, पेटीत उभे. डिकीतही नाही. डिकी का नाही, ते पुढे येईल. पण बाटली नसती तरी त्या बंद खोलीत तीन माणसांचा श्वास, पेट्रोलची वाफ आणि इंजिनचा धूर होताच. सायलेन्सरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला तर वासही नसतो. म्हणून गाडीला हवेची वाट करायचे ठरवले.

आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, एसी बसवून टाका. कायले डोकं खराब करता?" मागच्या मालकाने कधीकाळी एसी बसवला होताच, त्याची भोके अजून होती. पण तसला एसी आतलीच हवा फिरवून फिरवून थंड करतो, नवी आणत नाही. शिवाय चाळीसेक अश्वशक्तीच्या म्हाताऱ्या इंजिनावर ते ओझे नको वाटले. टपाला झडप कापून बसवावी, असाही एक विचार निघाला. तोही सोडला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. पत्रा कापायचा नाही, आहे त्या भोकांतूनच काय ते करायचे, असे ठरले.

आधी वारा कुठून येतो आणि कुठे जातो ते पाहणे भाग होते. शेतात पाणी देताना आपण उतार पाहतो, तसेच. मायच्या वातींच्या डब्यातून कापसाचे दोरे घेतले आणि चिकटपट्टीने गाडीला आतबाहेर लावले. मिस्त्रींना चालवायला बसवून बोरगाव मंजूपर्यंत गेलो. रस्त्यावरचे लोक पाहत होते. कोणाला वाटले गाडीला नवस आहे.

पण दोऱ्यांनी सारे सांगितले. गाडी पळताना वारा तिच्या तोंडावर दाबला जातो, नाकाडाशी आणि पुढच्या काचेच्या बुडाशी. दारांच्या बाजूला आणि पाठीमागे तो ओढ घेतो. काच थोडी उघडली की आतली हवा बाहेर ओढली जाते, हे बरेच झाले. पण तिच्या जागी नवी हवा कुठून येत होती? मागच्या बैठकीच्या फटीतला दोरा सरळ माझ्याकडे वळला होता, म्हणजे हवा डिकीतून येत होती. डिकीचे रबर सडलेले आणि डिकीच्या मागे सायलेन्सरचे तोंड. दुसरा दोरा पायांशी, इंजिनच्या पत्र्यातल्या वायरच्या भोकाजवळ हलत होता. वरून काच उघडी ठेवून आम्ही इतकी वर्षे खालून धूर ओढत होतो. डिकीत औषध ठेवले तर त्याची वाफ कुठे येणार, तेही कळले.

मग आधी बंद करायच्या वाटा बंद केल्या. डिकीला आणि दारांना नवे रबर, वायरच्या भोकांना रबरी टोप्या, सायलेन्सरचा सांधा वेल्डिंग करून घेतला. नंतर हवेची वाट. तीन इंची लवचिक पाइप आणला. पहिल्या खेपेला मिस्त्रींनी त्याचे तोंड बॉनेटच्या आतच, इंजिनशेजारी ठेवले. चूल पेटल्यासारखी गरम हवा आणि जळक्या ऑइलचा वास आत आला. दुसऱ्या खेपेला तोंड रेडिएटरच्या पुढे, जाळीमागे एका कडेला नेले. पाइप इंजिनपासून दूर ठेवून एसीच्या जुन्या भोकातून आत आणला आणि डॅशबोर्डखाली झडप बसवली. इंजिनच्या खोलीतून जाणारा हा पाइप कुठे फाटला तर सारा उपद्व्याप उलटा पडतो, म्हणून दर महिन्याला मी तो हाताने चाचपून पाहतो.

हवा बाहेर जायला दारांच्या तिकोनी काचा होत्याच. त्या थोड्या उघडल्या की मागच्या कडेने हवा ओढून नेतात. पूर्ण उलट्या फिरवल्या तर तोंडावर वारा आणतात, पण धूळही आणतात. जुन्या गाड्या करणारे लोक खुळे नव्हते. पुढून हवा घ्यायची आणि मागच्या खांबातून सोडायची, ही सोय इंग्लंडच्या फोर्ड कंपनीने १९६४ साली कॉर्टिना गाडीत केली. तिकडे त्याचे मोठे कौतुक झाले. आमच्या भिंतीतल्या झरोक्याचे कोणी केले नाही.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३० किलोमीटरला जेवढा, त्याच्या चौपट ६० ला. म्हणून गावात, फाटकापाशी, गाडी रेंगाळली की पाइप मुका होतो. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा पंखा लावला, फ्यूजसकट. मात्र पुढे धूर सोडणारी मालमोटार उभी असली की झडप बंद करावी लागते, नाहीतर तिचाच धूर पंखा आपल्या तोंडावर मारतो. कूलरवाल्या अकोल्याचे मिस्त्री ते, त्यांनी पाइपच्या तोंडाशी ओला वाळाही बसवून पाहिला. पूर्वी अमेरिकेच्या कोरड्या मुलखात लोक मोटारीच्या काचेला पाण्याचे कूलर टांगत, असे वाचले आहे. आमच्या वाळ्याने मात्र वाराच अडवला. तो काढून बारीक जाळी लावली. पहिल्या पावसात पाइपातून पाणी माझ्या बुटांत आले, तेव्हा पाइपला खाली वळसा देऊन त्याच्या पोटाला निचऱ्याचे भोक पाडले. शेतात चर काढायला सांगणाऱ्याला हे आधी सुचायला हवे होते.

एक फायदा ध्यानीमनी नसताना झाला. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या वाटेपेक्षा किंचित जास्त ठेवली, तर फटीफटीतून वारा बाहेरच सुटतो आणि धूळ आत शिरत नाही. ज्या धुळीपायी काचा लावल्या होत्या, ती हवा आत घेतल्याने थांबली.

माय मात्र गाडीत बसायला तयार नव्हती. रागावलेली नव्हती, पण "मी एसटीनंच जाईन" म्हणायची. मधली दोन वर्षे करोनात गेली. जून २०२२ मध्ये याच अकोला-अमरावती रस्त्यावर ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकल्याचा विक्रम झाला, तेव्हा पेपरातले फोटो मी तिला दाखवले. त्या नवरात्रात ती स्वतःहून गाडीपाशी आली. आधी बैठकीखाली वाकून पाहिले, मग डिकी उघडायला लावली. ओटीचे ताट मांडीवर घेऊन या खेपेला पुढे बसली. बोरगाव मंजूच्या पुढे गाडीने वेग घेतला, तसा पाइपातून वारा सुरू झाला आणि ताटातले कुंकू तिच्या लुगड्यावर उडाले.

"बाबू," माय म्हणाली, "तुह्या झरोक्याले थोडं पोतं लाव."

मी झडप अर्धी लावली.