पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी : एक परिसर पाठ



ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला महापूर आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. वर मध्य प्रदेशात जोरदार पाऊस, संजय सरोवराचे दरवाजे उघडलेले आणि खाली आपली नदीकाठची गावे पाण्यात. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावातही विहिरीत पुराचे पाणी शिरले, मोटार बुडाली. कोरोनामुळे शाळा बंद होती, पण शिक्षण सुरू होते. म्हणून गल्लीतल्या पाच मुलांना घेऊन विहिरीवरच पाठ घेतला.

दोन दिवसांत गाळ खाली बसला. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, पाणी त साफ दिसून राहिलं!" घरोघरी हेच म्हणणे होते आणि काही घरी ते पाणी पिणेही सुरू झाले होते. खरा धोका इथेच होता. कावीळ, हगवण, टायफॉइडचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

आम्ही आरोग्य सेविकेकडून एचटूएस बाटली आणली. त्यात नमुना भरून सावलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी काळे झाले, म्हणजे विष्ठेतल्या जंतूंची शंका पक्की. मुले गप्प झाली. त्या संध्याकाळी त्यांनीच घरोघरी जाऊन सांगितले, "उकळूनच प्या."

मग ग्रामपंचायतीने डिझेल पंपाने उपसा केला. नवीन पाणी भरल्यावर आमचे गणित सुरू झाले. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर.

३.१४ × १.५ × १.५ × ४ = २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर.

१००० लिटरला २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर धरली तर सुमारे ७० ग्रॅम. वृत्तचितीचे सूत्र पाठ करून घ्यायला एरवी मला आठवडा लागतो. त्या दिवशी एका बैठकीत झाले!

पावडर थेट विहिरीत टाकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडायचे. तासाभराने ओटी टेस्ट केली. (ते रसायन मोठ्यांनीच हाताळावे.) पिवळा रंग आलाच नाही. का? गढूळपणा आणि घाण यांनीच क्लोरीन खाऊन टाकले होते. पुन्हा मात्रा दिली, तेव्हा पिवळी छटा दिसली. पिण्याच्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक राहायला हवे. काही दिवसांनी भरलेल्या दुसऱ्या बाटलीचा रंग बदलला नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे विहिरीभोवती धानाच्या बांध्या असतात. कीटकनाशक किंवा खत पाण्यात उतरले असेल, तर ते ब्लीचिंगने जात नाही, उकळूनही जात नाही. औषधाचा वास आला तर ते पाणी वापरू नये, नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा.

आपापल्या शाळेत पावसाळ्यापूर्वी हा पाठ जरूर घ्या. विहिरीचा व्यास आधीच मोजून फलकावर लिहून ठेवा. पुराच्या दिवशी फक्त खोली मोजावी लागेल. आणि पालकहो, मूल घरी येऊन "हे पाणी तपासलं का?" असे विचारेल, तेव्हा त्याला गप्प बसवू नका.