हिशेबाची वही

आम्ही शिक्षक मंडळी वर्गांत त्रैराशिक शिकवितों, व्याज शिकवितों. परंतु आपल्याच घरच्या मृत्यूचें गणित एके दिवशीं मांडावें लागेल, हें माझ्या स्वप्नींही आलें नव्हतें.

२०१८ सालच्या उन्हाळ्यांत माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान सायंकाळीं कामावरून सायकलीनें परत येत असतां एका मोटारीनें त्यांस मागून धडक दिली. ते सुतारकाम करीत. वय अवघें ३८ वर्षांचें. शंभर मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतां वाहन चालविणें हा आपल्या कायद्यानें गुन्हा होय. त्या मोटारवाल्याच्या रक्तांत याच्या कितीतरी पट मद्यार्क निघाला. आमचे मेहुणे इस्पितळांत पोहोंचण्यापूर्वींच गेले. मागें राहिलीं बहीण, दोन मुलें आणि वृद्ध सासू.

पंधरा दिवस लोटले नाहींत तोंच त्या गृहस्थाकडील दोन माणसें रात्रीं घरीं आलीं. पाकिटांत पन्नास हजार रुपये होते आणि सोबत सहीसाठीं एक कागद. आमचें यापुढें कांहीं मागणें नाहीं, असा त्यांतील मजकूर. मी थकलों होतों, कोर्टकचेरीचें मला भय वाटे. शिवाय क्षमेचा धडा आयुष्यभर मुलांस देत आलेला मी मनुष्य! मीं बहिणीस म्हटलें, "सही करून टाक. गेलेला माणूस पैशानें परत येत नाहीं. त्यांना क्षमा कर."

ती शांतपणें म्हणाली, "दादा, क्षमा मी केव्हांच केली. ती माझी होती, मी दिली. पण मुलांच्या तोंडचा घास सोडून देण्याचा अधिकार मला कोणी दिला?"

मी निरुत्तर झालों. आलेलीं माणसें पाकीट घेऊन परत गेलीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही वकिलांकडे गेलों. त्यांनीं सांगितलें कीं, गुन्हेगारास शिक्षा व्हावी म्हणून फौजदारी खटला सरकार चालवितें. नुकसानभरपाईचा दावा मात्र कुटुंबानें स्वतः करावयाचा असतो, आणि तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें चालतो. एकाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्यानें थांबावें असें नाहीं. मनुष्य मेला म्हणजे त्याच्या पोरक्या मुलांचें मागणेंही मेलें, अशी जुन्या इंग्रजी न्यायाची समजूत होती. आपल्याकडे १८५५ सालच्या कायद्यानें मृताच्या पत्नीस, मुलांस व आईबापांस मागण्याचा हक्क दिला. आज हे दावे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं चालतात.

वकिलांनीं विचारलें, "त्यांच्या मिळकतीचा पुरावा काय?" सुताराजवळ पगारपत्रक कोठलें! तेव्हां बहिणीनें पेटींतून एक मळकी वही काढली. कोणाच्या घरची खिडकी केली, मजुरी किती मिळाली, सारें मेहुण्यांनीं शिसपेन्सिलीनें टिपून ठेविलें होतें. त्या वहीवरून व दोन गिऱ्हाइकांच्या साक्षीवरून मासिक प्राप्ति १२,००० रुपये धरली गेली.

पुढील गणित सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) या निकालांस अनुसरून झालें. भावी वाढीबद्दल शेंकडा ४० मिळवून १६,८००, त्यांतून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चतुर्थांश वजा जातां १२,६००, वर्षाचे १,५१,२००, वयाप्रमाणें गुणक १५, एकूण २२,६८,००० रुपये. याखेरीज अंत्यविधि, सहवासाची हानि इत्यादि ठरीव रकमा आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज.

विमा कंपनीनें हरकत घेतली कीं, चालक मद्यपी असल्यामुळें आम्ही बांधलेले नाहीं. न्यायाधिकरणानें आज्ञा केली कीं, कंपनीनें प्रथम कुटुंबास पैसे द्यावे व मग ते मोटारमालकाकडून वसूल करावे. मुलांच्या वांट्याची रक्कम तीं सज्ञान होईपर्यंत बँकेंत ठेविली गेली.

निकालाच्या दिवशीं थोरल्या भाच्यानें विचारलें, "मामा, बाबांची किंमत एवढीच का?" मीं त्यास वही दाखविली. "बाळ, ही बाबांची किंमत नव्हे. ते तुमच्यासाठीं रोज जें घरीं आणीत, तेवढ्याचाच हा हिशेब. बाकीचें कोणतेंही न्यायालय मोजूं शकत नाहीं." त्यानें वहीचें शेवटचें पान उघडलें. तेथें त्या दिवसाची तारीख होती. पुढें मजुरीची जागा कोरी होती.

बालमित्रांनो, मद्य प्यालेल्याच्या गाडींत बसूं नका, मग तो आपला काका कां असेना. आणि पालकहो, तीन गोष्टी ध्यानांत ठेवा. आपल्या मिळकतीची नोंद ठेवा. असा घाला पडलाच, तर रात्रीं आलेल्या कागदावर सही करूं नका. आणि विलंब लावूं नका. २०२२ पासून कायद्यांत अशा अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे.

क्षमा आणि न्याय हीं एकमेकांचीं वैरी आहेत, असें मी समजत होतों. माझ्या अल्पशिक्षित बहिणीनें मला तो पाठ नव्यानें शिकविला. वही अद्यापि तिच्या पेटींत आहे.