गल्ल्यामागची पाटी

कोलाडच्या नाक्यावर आमचं किराणा दुकान आहे, वडिलांनी घातलेलं. मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव, त्यामुळे गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं. कुंडलिकेत राफ्टिंगला आलेली पुण्या-मुंबईची पोरं पाण्याच्या बाटल्या नि बिस्किटं नेतात, आतल्या वाड्यांवरची माणसं आठवड्याचा बाजार भरतात. गल्ल्यामागे उधारीबद्दलची जुनी पाटी आहे. तिच्याखाली आता दुसरी लावली आहे : ‘मला पार्किन्सन्स आहे. हात थरथरतो, आवाज बारीक येतो, सुट्टे मोजायला वेळ लागतो. मी प्यायलेलो नाही.’

शेवटचं वाक्य घरात कोणालाच पसंत नव्हतं. हिचं म्हणणं, असं लिहिलं की नसलेली शंका लोकांच्या डोक्यात येईल. पण शंका कधीचीच आलेली होती. भर सकाळी हात कापतोय, पाय अडखळतोय, बोलणं तोंडातल्या तोंडात, असा माणूस नाक्यावर दिसला की लोक दुसरं काय समजणार? मला तोंडावर कोणी बोललं नाही, मुलाला मात्र एकाने बाजूला घेऊन विचारलं, ‘शेट हल्ली दिवसाढवळ्या पण घेतात काय रे?’ आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे.

आजार आला तो मुळात हातात आलाच नाही, नाकातून आला. पावसाळ्याआधी नाक्यावर सुक्या मासळीच्या टोपल्या लागतात. आम्ही माळकरी, मी दरवर्षी नाक मुरडायचो. एका वर्षी नाक मुरडावंसं वाटेचना. मग हिंगाचा डबा उघडला तरी काही कळेना. सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. पुढे कधीतरी उधारीच्या वहीतलं माझं अक्षर बारीक होत गेलं. ओळीच्या सुरुवातीला नाव बरं यायचं, रकमेपर्यंत मुंग्या. मुलगा म्हणायचा, ‘बाबा, वही संपू नये म्हणून बचत करताय का?’ त्यानंतर उजवा खांदा धरला. खांदा आखडलाय म्हणून एका दवाखान्यात बरेच महिने शेक घेतला. हात थरथरू लागला तेव्हा कुठे मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, बोटं भराभर उघडझाप करायला सांगितली, कागदावर एक वाक्य लिहून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं. एवढा मोठा आजार आणि तो पकडणारी रक्ताची साधी तपासणी नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मेंदूच्या मधल्या भागात डोपामीन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी असतात. त्या मरत जातात आणि हालचालीचा हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. लक्षणं दिसू लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. लेव्होडोपाची गोळी ती उणीव काही तास भरून काढते. कोलाडच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी कुंडलिकेत सुटतं, मग राफ्ट धावतात. पाणी ओसरलं की नदीत दगड. माझंही तसंच. गोळी चढली की मी साखरेचं पोतं सरकवतो, उतरली की शर्टाचं बटण लागत नाही. ‘मघाशी तर चांगले होते, आता नाटक’ असं ज्यांना वाटायचं त्यांना मी भिऱ्याचं पाणी सांगितलं, तेव्हा पटलं.

सल्ले सगळ्यांकडून आले. त्यातला सर्वात जास्त आला तो खाजकुयलीचा. आमच्याकडे रानात ती उदंड. खरी गोष्ट अशी की तिच्या बियांत लेव्होडोपा असतंच. १९३७ साली भारतातल्याच संशोधकांनी ते दाखवलं होतं, आणि आयुर्वेदात कंपवातावर ती फार पूर्वीपासून देतात. म्हणूनच तर भीती. एका बीत औषध किती, हे कोण मोजणार? डॉक्टरांची गोळी चालू असताना वरून घरगुती चूर्ण घेतलं तर मात्रा वाढते, अंग आपोआप वेडंवाकडं हलू लागतं, आणि घरचे म्हणतात आजार वाढला. मी सल्ला देणाऱ्याला चहा पाजतो आणि एवढंच सांगतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे हे मला एका राफ्टिंगवाल्या मुलीने सांगितलं. पाटी वाचून म्हणाली, ‘काका, माझ्या आजोबांना आहे, ते सभेला जातात.’ ताम्हिणी घाटातून मुलाने गाडीने नेलं. तिथे हॉलमध्ये माझ्यासारखीच माणसं. कोणी डोलतंय, कोणी खुर्चीतून उठायला तीनदा झोका घेतंय, आणि कोणालाच त्याचं काही नाही. ऋषीकेश पवार या नर्तकाने पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांना नाच शिकवला, हेही तिथे ऐकलं. आधी हसू आलं. मग लक्षात आलं, दारात पाय जमिनीला चिकटतो तेव्हा ठेका धरला की सुटतो, हे मला घरी ठाऊकच होतं. भजनात माझा आवाजही मोठा निघतो, एरवी शेजारच्याला ऐकू जात नाही. परत आल्यावर दुकानात गल्ल्यापासून गोदामापर्यंत पांढऱ्या रंगाचे आडवे पट्टे मारून घेतले. पट्टा ओलांडायचा म्हटलं की पाय उचलतो. गिऱ्हाइकांची पोरं त्यावर लंगडी खेळतात, खेळू देत.

लंडनच्या ज्या डॉक्टर जेम्स पार्किन्सनचं नाव या आजाराला मिळालं, त्याने १८१७ साली सहा माणसांवरून निबंध लिहिला. त्यातली काही त्याने नुसती रस्त्यात पाहिलेली होती. त्याचा जन्मदिवस, ११ एप्रिल, जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळतात. मला यातलं रस्त्यावर पाहणं फार आवडलं. किराणा दुकानदार आयुष्यभर दुसरं काय करतो?

धाटावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याकडे सामान घ्यायचे. दोन वर्षांत त्यांचं बोलणं कमी झालं, चेहऱ्यावर काहीच उमटेना, पापणीही क्वचित लवायची. हात मात्र अजिबात थरथरत नव्हता. भावाकडचे म्हणायचे, जमिनीच्या वाटणीचा राग धरून बसलाय, लग्नालासुद्धा आला तो दगडासारखा बसून होता. मला दिसलं ते निराळंच. पिशवी नसलेला हात चालताना हलत नव्हता, अंगाला चिकटलेला. मी काही डॉक्टर नाही. त्यांच्या मुलाला एवढंच म्हटलं, रागावलेला माणूस हात झुलवत चालतो, वडिलांना पनवेलला दाखवून आण. पार्किन्सन्सच निघाला. वाटणी अजून अडकलेलीच आहे, पण भाऊ आता घरी येऊन बसतो. वाडीवरच्या एका बाईंनाही मी असंच पाठवलं होतं, कामाला हळू झाली म्हणून सून बोलायची. त्यांचं थायरॉइड निघालं. तेही गोळीने सुटलं, म्हणजे पाठवणं वाया गेलं नाही.

लोक फक्त थरथर शोधतात, आणि ज्यांचा हात थरथरत नाही ती माणसं घरात आळशी, हट्टी, तुसडी ठरतात. हे सांगायला मी गावोगावच्या आशा सेविकांच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घेतली. व्याख्यान दिलं नाही, चालून दाखवलं. उधारीच्या दोन वह्या नेल्या होत्या, जुनी आणि नवी. त्या वह्यांनीच काम केलं.

कागदपत्रांचंही सांगतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्सचं नाव आहे. हे आमच्याकडे जवळजवळ कोणालाच माहीत नाही, एका बँकेतही नव्हतं. सही जुळत नाही म्हणून मला तिथे तीन वेळा सही करायला लावली, आणि लोक बघताहेत म्हटल्यावर प्रत्येक सही आधीपेक्षा बारीक. ताणाने सगळं वाढतं. घाई केली की मी अडकतो, थांबलात की सुटतो. दुसऱ्याकडून मला लागतं ते एवढंच, आणि फुकटात मिळणारं असून मिळत नाही.

सर्वात मोठी भीती महामार्ग ओलांडण्याची. रुंदीकरण २०११पासून चाललंय, रोज रस्ता वेगळा, मध्ये पाय गोठला तर काय? म्हणून यंदाच्या ११ एप्रिलला मी मिनिडोर रिक्षांच्या स्टँडवर गेलो. चालकांना सांगितलं, मी मध्येच उभा राहिलो तर हात धरून ओढू नका, पडेन. शेजारी उभं राहून मोठ्याने एक-दोन, एक-दोन म्हणा. एक जण म्हणाला, ‘शेट, एक-दोन कशाला, ज्ञानोबा-तुकाराम म्हणतो की.’ तेव्हापासून ते खरंच म्हणतात, मी अडकलेलो नसलो तरी.

त्यातलाच एक जण परवा तेलाची पिशवी घ्यायला आला आणि पाटीकडे बघत उभा राहिला. ‘माझ्या बापाला दोन वर्षं वास येत नाही,’ म्हणाला. ‘झोपेत लाथा मारतो, ओरडतो. आणू का तुमच्याकडे?’ मी म्हटलं, माझ्याकडे तेल मिळतं, त्याला डॉक्टरकडे ने. आणि डॉक्टरांचा नंबर लिहून दिला, सावकाश, मोठ्या अक्षरात. तो थांबला.