तेरणेच्या दरडीपाशी

तेरणे, तुझ्या पात्रात आज नुसतं ऊन.

कडेला दरड उभी. तुझ्याच हातची. तळाशी वाटोळे गोटे, वर भरड वाळू, मग पिवळट गाळ, माथ्यावर भेगाळलेली काळी. ओल कुठेच नाही. पाणी निघून गेलं, त्याचं वळण तेवढं उरलं.

हा मुलूख आगीचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवालेला काळा पाषाण, थरावर थर. विहीर खणताना दोन काळ्या थरांत कधी लाल पट्टा लागतो. लाव्ह्याच्या दोन लोटांमधली ती उसंत. तेवढ्यात माती झाली, पाऊस प्याली, आणि पुढच्या लोटाखाली भाजून निघाली. तिच्यावर कुठलं ऊन पडलं होतं, कोण सांगणार?

तू पाण्याने घडवू निघालीस. तेरखेड्याकडून, बालाघाटाच्या अंगावरचा कण न् कण सोडवत, पुरात गढूळ होत, ओसरताना आधी जड वाळू आणि मग हलका गाळ अंथरत, त्यावर पुन्हा अंथरत, अशा आशेने की कधीतरी वरच्या भाराने खालचं पाणी निथळेल, फटीफटीत चुना झिरपेल, दाणा दाण्याला धरेल, आणि आमच्या साऱ्या वंशावळी पुसल्या गेल्यावर इथे एक वालुकाश्म उघडा पडेल, अंगावर तुझ्या लाटांच्या सुरकुत्या घेऊन.

सुरुवात झालीही होती. तळाचे गोटे चुनखडीने असे धरलेत की कुदळ ठणकते.

मधे माणसं आली. पेरिप्लसमधलं तगर, इथलं तेर, पांढरीच्या मातीत मिटलं. त्यातली हस्तिदंती बाहुली आता काचेआड उजेडात उभी आहे. बाकीचं नगर अंधारातच. गोरोबाकाकांच्या पायांखाली तुडवली गेली तीही तुझीच माती. तीही शेवटी आगीकडेच गेली.

आता वाळू नाही. खड्डे आहेत.

खाली माकणीच्या जलाशयात अजून गाळ बसतो म्हणे. बसत असेल. माझा त्याच्यावर भरवसा नाही. उन्हाळ्यात तलाव उघडे पडतात, जेसीबी उतरतात, गाळ ट्रॅक्टरने शिवारात जातो, सोयाबीनखाली. जाऊ दे. पीक तरी येईल. पण तेरणे, दगड होण्याइतकं पडून राहायला त्याला आता कोण देणार?